भटारखान्यातला माणूस

आमच्या गल्लीत मला सगळे आचारी म्हणतात. हे नाव माझ्या बायकोनं पाडलं. ती जाऊन वर्ष होत आलं, नाव तेवढं मागं राहिलं.

युद्धावरून परतलो त्या आठवड्यातली गोष्ट. मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलो, तोंडाला साबण. दुकान भरलेलं. न्हाव्यानं वस्तरा पाजळत विचारलं, "मग, किती लोळवले?"

सगळ्यांनी कान टवकारले. तेवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन दारात आली.

"अहो, हे कसले लोळवतायत!" ती म्हणाली. "भटारखान्यात होते. कुणी मेलंच असेल, तर यांच्या हातचं खाऊन."

दुकान खो-खो हसलं. पुन्हा मला तो प्रश्न कुणी विचारला नाही.

खरं तर मी पुढच्या फळीत होतो. एका पडक्या भिंतीच्या वळणावर एकजण एकदम समोर आला. म्हणजे तो तिथंच होता, वाकून बुटाची नाडी बांधत. बंदूक हाताशी. त्यानं वर पाहिलं आणि मी गोळी झाडली. एवढंच. घरी आल्याबरोबर मी हे हिला सांगितलं होतं. ती बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. जेवायला वाढलं.

न्हाव्याकडून परतताना मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"बोलले खरी. आता निस्तरायला नको? घरी चला आणि बटाटे सोला."

मग ती मला शिकवायला बसली. "बोटं आत घ्या. सुरी आहे ती, कुऱ्हाड नाही." माझा कांदा बघून तिला हसू आवरायचं नाही. पुढं गल्लीत कुणाकडं लग्न असलं की मला बोलावणं यायचं. मोठ्या पातेल्याशी मी, शेजारी पदर खोचून ही. चव घ्यायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "सैन्यात हेच खाऊ घालत होतात? तरीच लवकर संपलं युद्ध." फार चांगले दिवस होते ते.

आमच्या मुलीची मुलगी आमच्याकडंच वाढली. ती सैन्यात भरती झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी होती.

"आजोबा, तिकडं भीती वाटते का हो? पण तुम्हाला काय विचारायचं म्हणा. तुम्ही कढईशिवाय काय पाहिलंय!"

ही असती तर काहीतरी बोलून गेली असती. मी कांदा चिरत होतो. पोरीला हसत पाठवायचं का खरं सांगून, हे मला एकट्याला ठरवायचं होतं. मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. भिंत, नाडी, सगळं.

ती म्हणाली, "पण त्यानं बंदूक उचलली असती."

"असती. किंवा नसती."

"मग तुम्ही केलंत ते बरोबर का चूक?"

"साहेब बरोबर म्हणाले. पदकही दिलं. मला ठरवता आलं नाही, बाळ. आलं असतं तर इतकी वर्षं कांदे चिरत बसलो नसतो."

"मग मी जाऊ नको?"

"तसं म्हणत नाही. माहीत असू दे. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिनं सुरी उचलली आणि उरलेला कांदा चिरला. बोटं आत घेऊन. हिनंच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला निघालो. न्हावी आता थकलाय, दुकानाबाहेर बाकावर बसून असतो. ओरडला, "काय आचारी, घरात एक तरी लढणारं माणूस निघालं म्हणायचं!"

सवयीनं मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"तिलाही भटारखानाच मिळू दे," मी म्हणालो.

न्हावी हसला. नात हसली नाही. तिनं बॅग खाली ठेवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. तिची बांधून होईपर्यंत मी तिच्यापुढं उभा राहिलो.