विजयाचा पेला आणि दुधाचा खोका

मी साकेचा पेला बोलतोय. साके म्हणजे तांदळाची दारू. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठ्या माणसांच्या घरात खरं ते सगळ्यात शेवटी सांगतात.

माझा जन्म १९०५चा, जपानातल्या सेतो गावच्या, चिनीमाती भाजायच्या भट्टीतला. जपान-रशियाची लढाई नुकतीच संपली होती. जिवंत परतलेला शिपाई शेजारपाजाऱ्यांना आभाराचे पेले वाटायचा, तशी रीतच होती. माझ्या पोटात सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘विजयी होऊन परत’. माझ्या शिपायाचा भाऊ परतलाच नाही. त्याच्या नावाचा पेला कोणी केला नाही.

तह झाला अमेरिकेत, पोर्ट्‌स्मथला. रशियाने भरपाई नाकारली, म्हणून तोक्योत लोकांनी पोलीसचौक्या पेटवल्या. ज्यांची पोरं मेली त्यांचा राग मला समजतो. पण खरी गोम दुसऱ्याच कलमात होती. कोरियात जपानने हवं ते करावं, रशिया आड येणार नाही. आणि त्या टेबलाशी एकही कोरियन नव्हता. मध्यस्थी करणाऱ्या अमेरिकेच्या अध्यक्षाला शांततेचं नोबेल मिळालं. दोन वर्षांत हेच दोन वैरी गुपचूप मांचुरियाची वाटणी करत बसले, आणि पाच वर्षांत कोरिया हा देशच उरला नाही. मी कुठल्या शाळेत गेलेलो नाही. मुत्सद्देगिरी मला कळली ती एवढीच.

पुढे खूप वर्षं कपाटांत गेली. मग तोक्योतल्या फुनाबोरीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, पुण्याहून इथे येऊन राहिलेल्या सरिताने मला घरी आणलं. वाटी छान दिसते म्हणून गणपतीत तीर्थाला ठेवलं. इथल्या मराठी मंडळाचे गुणवंतकाका तीर्थ घेत होते, तेवढ्यात सरिताच्या मुलीने, जुईने, माझ्या पोटातली अक्षरं वाचली. पोरगी इथेच वाढलेली.

“आई, हा दारूचा पेला आहे.”

काकांनी तीर्थ गिळलं होतं. ओला हात डोक्यावरून फिरवत ते म्हणाले, “तरीच आज गोड लागलं.” सगळे हसले. ओरडा मात्र जुईला बसला, चार माणसांत बोलली म्हणून.

तिच्या बाबाने, संजीवने, मला उचलून शोकेसमध्ये ठेवलं. ऑफिसात संजीव-सान म्हणजे तडजोडीचा वस्ताद. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, आशियाने युरोपला कसं लोळवलं. कोरियाचं नाव त्या गोष्टीत एकदाही आलं नाही.

मग २०११चा मार्च आला. भूकंपात शोकेस आडवं झालं आणि मला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. सरिताला पुण्याला परतायचं होतं, अणुभट्टीच्या स्फोटानंतर तिचा इथल्या पाण्यावर, भाजीवर कशावरच भरवसा उरला नव्हता. संजीवला प्रमोशन समोर दिसत होतं. दोघं बोलेनासे झाले. बाबांना सांग जेवण वाढलंय, आईला सांग भूक नाही. निरोप पोचवायला जुई. तिला कुठे राहायचंय, हे कोणी विचारलं नाही. तिला मराठी धड वाचताही येत नाही. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची सायकल, सगळं इथेच.

एका रविवारी गुणवंतकाका मध्यस्थीला आले. सरिता म्हणाली, “जुई, चहाला दूध नाहीये. जा बरं, कोंबिनी दुकानातून घेऊन ये.” त्या दिवसांत दुकानांत दूध मिळायची मारामार. पोरगी सायकल काढून एकेक दुकान पालथं घालत फिरली.

इकडे तह झाला. संजीवचं प्रमोशन होईपर्यंत दोघांनी इथेच राहायचं. सरिताच्या जिवाला घोर नको, म्हणून जुईने पुण्याला सुलेखाआत्याकडे जायचं. दोघं कितीतरी दिवसांनी एकमेकांकडे बघून हसली. काका म्हणाले, “बघा, किती सोपं होतं.”

जुई दम लागलेली परत आली. हातात दुधाचा खोका. संजीवने तिला एका दमात सगळं सांगून टाकलं, वर “तुझ्याच भल्यासाठी” हेही. काकांनी पुस्ती जोडली, “अगं, मुलं काय, कुठेही रुळतात.”

खोका ठेवायला जुईने फ्रीज उघडला, आणि तशीच उभी राहिली. आत न फोडलेला दुधाचा खोका होता.

“दूध होतं की,” ती म्हणाली.

सरिताने गॅस बंद केला. चहा त्या दिवशी झालाच नाही.

तडा गेलेली वस्तू घरात ठेवू नये, म्हणून जुई निघायच्या दिवशी सरिताने मला कचऱ्यात काढलं. न जळणारा कचरा उचलायचा वार होता. जुईने मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर लाल अक्षरांत जपानीत लिहिलं, ‘धोका’. का, तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये. त्या घरात परक्याच्या हाताचाही विचार करणारी ही एकटीच. नेमकं तिलाच धाडून दिलं.

आता मी कोपऱ्यावर, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली पडलोय. मघाशी तिच्या बॅगेची चाकं इथूनच स्टेशनकडे गेली. थांबली, मग पुन्हा वाजली.

कचऱ्याची गाडी येईलच. जाता जाता मोठ्यांना एवढंच सांगतो. तह करा, मी नको म्हणत नाही. फक्त ज्याचं आयुष्य वाटून घेताय, त्याला टेबलाशी खुर्ची द्या. घरात दूध असताना त्याला दूध आणायला पाठवू नका.