लालबुड्याची खोटी हाक

मी एक म्हातारा पाळीव बुलबुल आहे. जात लालबुड्या. डोकं काळं, तुरा आखूड, शेपटीखाली लाल रंग. भोर संस्थानात, राजवाड्यामागच्या गल्लीत, याकूबच्या पडवीत माझा पिंजरा टांगलेला आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मी अपराधी आहे.

याकूब पाखरं धरून विकतो. त्याने मला घरट्यातून उचलून हातावर वाढवलं. वेल्ह्याच्या रानात तो माझा पिंजरा घाणेरीच्या झुडपात ठेवायचा, फांद्यांना वडाचा चीक लावायचा आणि झोळीतून मांजर काढून माझ्यासमोर धरायचा. मी घाबरून ओरडलो की आसपासचे बुलबुल मदतीला धावत आणि चिकाला चिकटत. मग मला तुपात मळलेलं पीठ मिळे. पुढे पुढे मांजर नसतानाही मी ओरडू लागलो. पीठ मला फार आवडायचं.

त्या रानात आमचे भाऊबंद राहत, शिपाई बुलबुल. शेपटीखाली आमच्यासारखाच लाल रंग, पण तुरा उंच, टोकदार. पांढऱ्या गालावर लाल टिकली. आवाज माझ्याहून कितीतरी गोड. मला त्यांचा हेवा वाटे. एकदा मी खोटंच ओरडलो. माझ्या जातीचं कुणी आलं नाही, ते मला ओळखून होते. एक शिपाई मात्र आला. सोडवताना त्याची अर्धी शेपटी चिकात राहिली. खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटलं.

घरी त्याने पेरूच्या फोडीला चोचसुद्धा लावली नाही.

"सोड रं त्याला," याकूबची आई बद्रुन्निसा म्हणाली. "काय खात न्हाई, मरंल हितं."

"सोडतो, अम्मा. अर्ध्या शेपटीचा कोण घेतंय?"

सुटल्यावर शिपाई परसातल्या झाडावरच राहिला. चौथ्या दिवशी खरोखरच्या बोक्याने माझ्या पिंजऱ्यावर उडी घेतली. मी जीव तोडून ओरडलो.

"पीठ मागतोय मेला," आतून बद्रुन्निसा म्हणाली. "लई लाडावलाय." कुणी उठलं नाही.

शिपाई आला. बोक्याच्या तोंडासमोर ओरडत झेपा घेऊ लागला. बोका मला सोडून त्याच्याकडे वळला. अर्ध्या शेपटीने त्याला वेळेवर गिरकी घेता आली नाही.

बद्रुन्निसा बाहेर आली तोवर बोका त्याला घेऊन कुंपणापलीकडे गेला होता. "आपला वाचला बाई," ती म्हणाली आणि तिने मला पीठ दिलं.

मित्रांनो, पाखरं कोंडू नका, हे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मी एवढंच सांगतो. धावून येणाऱ्याला खोटी हाक मारू नका. तो एकदा फसला तरी दुसऱ्यांदाही येतो.