काठावरची घरं

सुगराबी रस्त्याच्या मधोमध बसली तेव्हा ट्रॅक्टरचं पुढचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. लखीरामनं ब्रेक दाबून धरला आणि सीटवरून वाकून खाली पाहिलं. म्हातारी शाबूत होती. तिनं पदर डोक्यावर ओढला, मांडी घातली आणि मागच्या ट्रॉलीतून येणाऱ्या वासानं नाक मुरडलं.

"उठ ना वो मावशी," लखीराम म्हणाला. "मी नोकर मानूस. जिथं टाक म्हनतात तिथं टाकतो."

"तुले कोन काई म्हनते? तू वापस ने."

मनात आणलं असतं तरी तिला लगेच उठता आलं नसतं. घरातून रस्त्यापर्यंत धावत आल्यानं तिचा दमा उसळला होता आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. गावातला सगळा कचरा ग्रामपंचायतीची ट्रॉली तलावाच्या पाळीआड, मातीच्या बांधामागं, आणून टाकायची. कुणीतरी तो पेटवून द्यायचं. ओला कचरा धड जळायचा नाही, नुसता धुमसत राहायचा, आणि वारा फिरला की तो धूर पाण्यावरून सरळ काठाच्या घरांत शिरायचा. सुगराबीनं दारं बंद करून पाहिली, ओला फडका नाकाला धरून पाहिला. त्या सकाळी ट्रॉलीचा आवाज आला आणि ती कुणाला काही न सांगता उठली.

समोरच्या ले-आउटमधल्या, नव्या प्लॉटांवरच्या पक्क्या घरांच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. त्यातलं एक फाटक उघडलं. वैजयंतीबाई बाहेर आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तलाव दिसेल अशा बेतानं इथं घर बांधलं होतं, आणि त्याच बाजूच्या खिडक्या त्यांना वर्षभर बंद ठेवाव्या लागत होत्या. नात सुट्टीत आली की खोकत परत जायची. त्या सुगराबीजवळ आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि इस्त्रीच्या साडीनिशी तिच्या शेजारी डांबरावर बसल्या. मग सुगराबीच्या शेजारची रंगूबाई आली. मग ले-आउटमधल्या आणखी दोघी. लखीरामनं हात झटकला आणि ट्रॅक्टर वळवला.

तो पहिला दिवस. त्यानंतर सारा उन्हाळा त्या बसत राहिल्या. समिती निघाली, तिचा फलक लागला, कृषी केंद्रवाले फुलचंदजी अध्यक्ष झाले. ले-आउटमधले पुरुष अर्ज घेऊन वाशीमला जाऊन आले. पण रस्त्यावर बसायला बायकाच होत्या, आणि त्यांतही रोज येणाऱ्या मुख्यतः काठाच्या ओळीतल्या. ही ओळ म्हणजे पाण्याला लागून असलेली मूठभर टिनाची घरं. रंगूबाईचं घर मासे विकणाऱ्या भोयांचं. त्याला लागून सुगराबीचं. तिच्या नवऱ्यानं, बदरुद्दीननं, घराच्या पुढच्या भागात कापूस पिंजायची मशीन बसवली होती. गावातल्या कित्येक लग्नांतल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. वैजयंतीबाईंच्या घरातल्याही.

त्याआधी दोघींचं बोलणं गादीच्या मापापलीकडे गेलं नव्हतं. आता त्या एका पोत्यावर बसत. वैजयंतीबाई थर्मासमधून चहा आणायच्या आणि आधी सुगराबीला द्यायच्या. सुगराबीनं त्यांना आपल्या लेकीबद्दल सांगितलं, जी शिरपूरला दिली होती आणि बाळंतपणात गेली. वैजयंतीबाईंनी आपल्या मुलाबद्दल सांगितलं, जो फोनवर चांगला बोलायचा आणि येतो म्हणून यायचा नाही. एकदा पाळीआड जुना कचरा पुन्हा पेटला आणि सुगराबीचा श्वास असा अडकला की ओठ काळे पडले. तेव्हा वैजयंतीबाईंनीच गाडी काढायला लावली. मालेगावच्या दवाखान्यापर्यंत सुगराबीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या सारख्या म्हणत होत्या, "श्वास घ्या भाभी, माझ्याकडे पाहा, घ्या श्वास." सुगराबीला पुढं त्या प्रवासातलं दुसरं काही आठवलं नाही, पण तो आवाज राहिला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा वरून माणसं पाहणीला आली आणि कचऱ्याची जागा बदलायचं ठरलं. शिरपूरच्या रस्त्याला माळावर सरकारी पडीक जमीन होती. लोक तिला ई-क्लास म्हणत. ट्रॉली आता तिकडे जाणार होती. पाळीआडचा ढीग उचलला गेला, जागा सपाट झाली. कित्येक वर्षांनी तलावावरून आलेला वारा नुसता वारा होता. सुगराबी रात्री आडवी होऊन झोपू लागली. इतके दिवस ती भिंतीला टेकून झोपत होती.

मग तलावाच्या काठी मंडप घालून सत्कार झाला. फुलचंदजी बोलले, सरपंच बोलले. सुगराबीला नाव घेऊन मंचावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. बदरुद्दीन मागच्या खुर्च्यांत बसला होता आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. शेवटी पाहुणे साहेब बोलले. म्हणाले, तुमची जागरूकता पाहून या तलावाचं सुशोभीकरण मंजूर झालं आहे. सगळ्या काठानं फिरायचा ट्रॅक होईल, बाक होतील, दिवे होतील. आणि त्यासाठी काठावरची अतिक्रमणं हटवून तलाव मोकळा करण्यात येईल. टाळ्या झाल्या. मंचावर बसलेल्या सुगराबीनंही टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रंगूबाईनं विचारलं.

"अतिक्रमन म्हंजे काय वं भाभी?"

"राह्यला-साह्यला कचरा असन," सुगराबी म्हणाली.

थोड्याच दिवसांत टेप घेऊन माणसं आली. त्यांनी चुन्याची फक्की टाकत रेघ आणली. रेघ रंगूबाईच्या दारातल्या चुलीवरून निघाली, बदरुद्दीनच्या मशीनवरून गेली आणि ओळीतलं शेवटचं घर ओलांडून पाळीला मिळाली. रेघेच्या पाण्याकडच्या बाजूला सगळी ओळ आली. बदरुद्दीननं त्या माणसांना पाणी दिलं आणि काय आहे ते विचारलं. त्यांनी सांगितलं की घाबरायचं कारण नाही, सगळ्यांना ई-क्लासवर जागा मिळणार आहे.

सुगराबी तशीच उठून वैजयंतीबाईंकडे गेली. त्या घरात खिडक्या आता उघड्या असायच्या. वैजयंतीबाईंनी तिला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाल्या की त्यांना टेपवाले दिसले होते.

"बाई, तुमाले मालूम होतं?"

"ट्रॅक मागितला होता आम्ही. समितीनं. घरं पाडा असं कुणी म्हटलं नव्हतं, भाभी."

"मंग ट्रॅक कुठून जाईन म्हनून वाटलं तुमाले?"

वैजयंतीबाईंनी ग्लासाखालची बशी सरळ केली. मग त्या म्हणाल्या की तिकडे पक्की जागा मिळेल, नळ मिळेल, नावावर होईल. सुगराबी म्हणाली की तिकडे ट्रॉली जाते. त्या म्हणाल्या की मध्ये भिंत बांधणार आहेत, झाडं लावणार आहेत. हे त्यांना कुणी सांगितलं ते सुगराबीनं विचारलं नाही. जाताना वैजयंतीबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि समितीत विषय काढते म्हणून शब्द दिला.

त्यांनी विषय काढला. बैठक फुलचंदजींच्या दुकानामागच्या हॉलमध्ये झाली. ओळीतलं कुणी समितीवर नव्हतं, ते घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फुलचंदजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सुगराबीबद्दल आपल्याला किती आदर आहे ते सांगितलं. मग म्हणाले की मंजुरी नकाशासकट आली आहे, एकदा परत गेली की पुन्हा येत नाही. दुसरे एक जण म्हणाले की मशीनचा कापूस उडून घरात येतो, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तिसरे म्हणाले की सांडपाणी तर सरळ तलावातच जातं, मग आपण वाचवलं काय? वैजयंतीबाई पुन्हा बोलायला उठल्या. पण सगळ्यांचे चेहरे ओळखीचे होते, रोज सकाळी भेटणारे, अडीअडचणीला धावून येणारे. ओळीतल्या लोकांचं नीट व्हावं एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. त्यावर सगळ्यांनी मान हलवली.

यानंतर त्या फिरायला उलट्या बाजूनं, बसस्टँडकडे जाऊ लागल्या. सुगराबीला ते दिसलं. तिनं रंगूबाईजवळ एवढंच म्हटलं की बाईंच्या गुडघ्यांना काठाचा चढ झेपत नसेल.

ओळीतली माणसं रोज संध्याकाळी सुगराबीच्या दारात जमू लागली. ट्रॉली तिनं अडवली होती, आता जेसीबीही तीच अडवील असं सगळ्यांना वाटत होतं. बदरुद्दीनला वाटत नव्हतं. त्यानं मशीन सुटी करून एका हातगाडीवर चढवली आणि मालेगावला साडूकडे ठेवून आला. रात्री तो बायकोला म्हणाला की कचरा कुणालाच नको होता म्हणून सगळे बसले, आपण कुणाला हवे आहोत? सुगराबी उठली. तिनं पोतं झटकून दाराशी ठेवलं.

जेसीबी सकाळीच आला. सोबत पोलिसांची गाडी होती. सुगराबी रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली, तिच्या मागं रंगूबाई, आणि तिच्या मागं ओळीतल्या बाकीच्या बायका. जेसीबी थांबला. गॅलऱ्यांत माणसं आली. फुलचंदजी एका साहेबाशी बोलत उभे होते. त्यांनी सुगराबीकडे पाहून हात जोडले आणि पुन्हा बोलू लागले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग जेसीबी थोडा मागं गेला, रस्ता सोडून कडेनं काठाकडे वळला आणि त्यानं ओळीतल्या शेवटच्या रिकाम्या घराचं टिन उचकटलं. मातीची भिंत बसली. पिवळ्या धुळीचा लोट उठला आणि बसलेल्या बायकांवरून गेला.

सुगराबीला खोकला सुरू झाला. पदर तोंडावर धरूनही तो थांबेना. पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी तिनं ले-आउटकडे पाहिलं, तर वैजयंतीबाई फाटक उघडून येत होत्या. त्या जवळजवळ धावत होत्या. सुगराबी पोत्यावर थोडी सरकली. बाईंचे गुडघे दुखायचे, खाली बसताना त्यांना आधार लागायचा, म्हणून तिनं आपला हात वर केला.

वैजयंतीबाईंनी तो हात धरला आणि तिला वर ओढलं.

"उठा भाभी. मरायचंय काय तुम्हाला या धुळीत? चला आधी."

सुगराबीला काही म्हणायचं होतं, पण श्वास नव्हता. दुसऱ्या बाजूनं एका पोलीस बाईनं तिचा दंड धरला. दोघींनी तिला उभं केलं आणि चालवत नेलं. तिनं मागं वळून पाहिलं. रंगूबाई तिच्याकडे पाहत होती, रिकाम्या पोत्याच्या मागं बसून. मग ती उठली. तिच्या मागच्याही एकेक उठल्या, आणि घरातली भांडी काढायला धावल्या.

वैजयंतीबाईंनी सुगराबीला हॉलमध्ये पंख्याखाली बसवलं. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, काचा घट्ट ओढल्या. पाठीला उशी दिली, कोमट पाणी पाजलं, आणि मालेगावच्या वाटेवर म्हणत होत्या तसंच पुन्हा म्हणू लागल्या. हळूहळू श्वास ताळ्यावर आला. छातीतली शिट्टी बारीक झाली, मग थांबली. बाहेर टिन वाकल्याचे, लाकूड मोडल्याचे आवाज येत होते, पण काचेमुळे ते लांबचे वाटत होते. हॉलमधली हवा स्वच्छ होती.

वैजयंतीबाई चहा करून घेऊन आल्या. बशीत चहा सांडला होता. त्या समोर बसल्या आणि रडू लागल्या. सुगराबीनं त्यांचं रडणं होऊ दिलं.

मग तिनं खिडकीकडे बोट केलं.

"थे उघडा, बाई."

"नको भाभी. आत्ता कुठं बरं वाटतंय तुम्हाला. धूळ येईल."

"येऊ द्या," सुगराबी म्हणाली. "माह्याच घराची हाय."

वैजयंतीबाईंनी डोळे पुसले. मग त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.