सातव्या फेरीची चिठ्ठी

रविवारी दुपारी त्या दुकानात गिऱ्हाईक आलं, तरी त्याला कुणी 'बसा' म्हणत नसे. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान ते. मालक घण आणि त्याचा शिंपी मेव्हणा, दोघं त्या वेळी बॉक्सिंग खेळत बसलेले असत. म्हणजे आपलं तोंडानं हो! घण पासष्टीचा, मेव्हणा साठीला टेकलेला, हातानं खेळायचे दिवस कधीच सरले होते. 'घण' हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तरुणपणी तो खरोखरीचा हेवीवेट होता, आणि त्याचा उजवा हात बसला की समोरचा माणूसही बसायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच.

खेळ असा. दोन वेगळ्या काळांतले दोन हेवीवेट घ्यायचे. एक मेला तेव्हा दुसरा पाळण्यात होता, असे. दोघांनाही त्यांच्या ऐन भरातल्या वर्षी रिंगमध्ये उभं करायचं. शंभर वर्षांपूर्वीचा खलाशी, चाळीस-चाळीस फेऱ्या लढणारा; आणि अलीकडचा दंतवैद्य, समोरच्याचे दात पाडतो म्हणून तसं नाव पडलेला. हातमोजे कुणाच्या काळचे वापरायचे, यावरच तासभर भांडण. मग एकानं ठोसा सांगायचा आणि काट्याच्या पारड्यावर टिचकी मारायची. सुई डोलायची थांबेपर्यंत दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. नाही सुचलं, तर फेरी गेली. मेव्हणा शरीरानं काडी, पण या खेळात महाखट. अडतीस वर्षांत त्यानं घणला एक फेरी फुकट दिली नव्हती.

आणि चिठ्ठ्या. सामन्याआधी दोघांनी कोण जिंकणार, कितव्या फेरीत, ते लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचं. नियम मेव्हण्यानंच केलेले: चिठ्ठीत खोटं लिहायचं नाही, सामना संपल्याशिवाय ती उघडायची नाही, आणि डब्यात पडलेली चिठ्ठी डब्याबाहेर जायची नाही. घण नुसती घडी घाली. मेव्हणा मात्र घडीवर एक टाका मारून टाके. शिंप्याची जात, उघड्या कडेवर विश्वास नाही.

त्या रविवारी वाद पेटला तो खलाशावरून.

"खलाशानं दंतवैद्याला आधीच एकदा लोळवलंय," घण म्हणाला. "अकराव्या फेरीत."

"स्वप्नात लोळवलं असेल, भाऊजी."

"दाखवतोच थांब!" म्हणत घणनं अख्खा डबा टेबलावर उपडा केला, आणि सगळ्यात तळाची चिठ्ठी सगळ्यात वर आली. पिवळी पडलेली, टाका शाबूत. वर मेव्हण्याच्या अक्षरात: घण विरुद्ध गोदीवाला.

ही तेवढी खऱ्या सामन्याची चिठ्ठी. अडतीस वर्षांपूर्वी घण अजिंक्यपदासाठी गोदीवाल्याशी लढला होता, तेव्हाच, हेच नियम करून, दोघांनी पहिल्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. घणनं लिहिलं होतं, 'मी, नववी फेरी.' सहाव्या फेरीत त्यानं गोदीवाल्याला एकदा खाली पाडलंही. सातव्यात घणची डावी भुवई फुटली, रक्त आलं, आणि कोपऱ्यात उभ्या मेव्हण्यानं हार कबूल म्हणून रिंगमध्ये टॉवेल टाकला. संपलं. नंतर चिठ्ठ्या उघडायला कुणाला तोंड होतं? घण पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. पण मेव्हण्याला त्यानं कधी बोल लावला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "यानं माझा डोळा वाचवला. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं."

"राहू द्या ती," मेव्हणा म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

"का रे? तूही नववीच लिहिली असशील. लबाडा, लाजतोस काय!" घणनं हसत हसत बारीक कात्रीनं टाका तोडला.

आत तीनच शब्द होते. 'सातवी फेरी. टॉवेल.'

घणनं ते दोनदा वाचलं. भुवई फुटायच्या आधी लिहिलेलं. घंटा व्हायच्या आधी, हातमोजे चढवायच्या आधी. ज्या हातानं घणच्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या, त्याच हातानं.

"हे तुला आधीच कसं माहीत होतं?"

मेव्हण्यानं तुटलेल्या टाक्याचा दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

"नियम तुझाच ना? चिठ्ठीत खोटं लिहायचं नाही. मग बोल की! भुवई फुटली नसती तर?"

"तरी टाकला असता," मेव्हणा म्हणाला. "शब्द दिला होता."

"कुणाला?"

"मला," मागच्या दारातून आवाज आला. घणची बायको. दुकानामागेच घर, तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती हात पुसत पुढे आली. "त्याला काही बोलू नका. मी सांगितलं होतं. सहा फेऱ्या हौस फेडून घेऊ दे, सातवीत थांबव. अहो, त्याच्या आधीच्या सामन्यानंतर तुम्ही घरी आलात आणि मला विचारलंत, बाई, तुम्ही कोण? तासभर विचारत होतात. पोटात पोर होती माझ्या. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस!"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. ते घणलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याचं डोकं जास्त फिरलं. समोरच्यानं गळा कापला तर माणूस तलवार तरी काढतो. आपल्याच माणसांनी केसानं कापला तर काय काढायचं? अडतीस वर्षं दोघं बहीणभाऊ त्याच्या ताटाला ताट लावून जेवत होते. तो भुवईची गोष्ट सांगायचा आणि हे दोघं माना डोलवायचे! भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच.

"अडतीस वर्षं मी या भुवईला शिव्या घातल्या रे," तो म्हणाला. "आरशात बघून शिव्या घातल्या. तिचा काय दोष होता?"

मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घणनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. काटा पुढे ओढला.

"बस. घण विरुद्ध गोदीवाला. आठव्या फेरीपासून पुढे. तू गोदीवाला."

"भाऊजी, आज नको."

"आजच. डावा जॅब, पाठोपाठ उजवा बरगडीत." आणि पारड्यावर टिचकी मारली.

सुई डोलली. मेव्हण्यानं तोंड उघडलं, मिटलं. सुई थांबली. आठवी फेरी घणची.

नववीला मेव्हणा म्हणाला, "गोदीवाला मागे सरकतो."

"मागे? तो जन्मात कधी मागे सरकला नाही! तूच सांगायचास, त्याला मागे पाऊलच नाही म्हणून."

"आता सरकतोय. दमलाय तो. तुम्ही मारा, भाऊजी. पडतोय तो. जिंकलात तुम्ही."

घण त्याच्याकडे बघत राहिला. ज्या माणसानं शंभर वर्षांपूर्वीच्या मेलेल्या खलाशालाही कधी सूट दिली नाही, तो आज त्याला फेऱ्या वाटत होता.

"पुन्हा टॉवेल टाकलास," घण म्हणाला.

मग त्यानं काटा स्वतःकडे फिरवला. टिचकी मारली आणि घणचा ठोसा सांगितला. पुन्हा मारली आणि गोदीवाल्याचं उत्तरही त्यानंच दिलं. गोदीवाल्याला मागे पाऊल नव्हतं. दहावीत त्यानं घणच्या फुटक्या भुवईवरच डावा हुक घातला. अकरावीत हनुवटीखाली अपरकट. घण सुचेल तेवढी उत्तरं देत होता, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी. बाराव्या फेरीत गोदीवाल्याचा उजवा हात आला, घणनं टिचकी मारली, आणि सुई डोलत डोलत थांबली. उत्तर नव्हतं.

"हरलात," बायको हळूच म्हणाली. तिला वाटलं, टॉवेल टाकला ते बरंच झालं, हे आता तरी समजेल.

"हरलो," घण म्हणाला. "पण मी हरलो. माझा मी. एवढंच हवं होतं मला, आणि तेवढंच तुम्ही ठेवलं नाहीत."

त्यानं चिठ्ठ्या निवडायला घेतल्या. टाक्याच्या एका बाजूला, घडीच्या दुसऱ्या. टाक्याच्या सगळ्या मेव्हण्याच्या पुढ्यात सारल्या. पिवळी सुद्धा.

"डब्यातली चिठ्ठी बाहेर जात नाही, भाऊजी," मेव्हणा कसाबसा म्हणाला.

"ने."

"आणि रविवारी?"

घणनं आपल्या चिठ्ठ्या डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि काट्याची सुई हलू नये म्हणून खिट्टी सरकवली.

"खेळेन मी," तो म्हणाला. "दोन्ही कोपऱ्यांत मीच बसेन."