जित्या माणसाचा दगड

गुणवंतरावांच्या अकरा मोटारी मूल गावाहून सुटायच्या आणि प्रत्येकीत माणसं कोंबलेली असायची. त्या कमाईतून ते गावोगाव विहिरी बांधून देत. आधी लुटतो आणि मग पाणी पाजतो, असं चांद्यातली मंडळी म्हणायची. हे त्यांना फार लागे.

"दिवाणजी, माह्याबद्दल मनापासून चांगलं बोलणारा एक तरी माणूस दाखवा," असं ते मला रोज म्हणत. मी पडलो पगारी, माझं बोलणं ते धरत नसत.

चोपन्न साली आलापल्लीपुढच्या जंगलात एका माडिया आदिवासींच्या गावाला त्यांनी विहीर दिली. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या नावाचा पुरुषभर उंच दगड धाडला. "गुणवंतरावांचा दगड" एवढंच सांगून, तो उभा करून ड्रायव्हर परतला. तिकडे माणूस मेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तेव्हा माझी अक्कल शेण खायला गेली होती.

आम्ही पोचलो तर ढोल वाजतोय, भात शिजतोय. राव खूश. त्यांना गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. पोचू नावाचा गावचा म्हातारा पुढे आला. "बसा भाऊ. गुणवंतराव मेला. त्याच्या दगडाचं जेवण हाय."

मी तोंड उघडलं, तोच रावांनी मला चिमटा काढला. "चूप! ऐकू द्या."

पाहुणे आले म्हणून लोक मराठीत बोलू लागले. एक म्हणाला, त्याच्या मोटारीत कंबर मोडते. दुसरा म्हणाला, त्यानं कोंबड्याचंही तिकीट घेतलं. राव लालबुंद झाले. मग सोमारी नावाची म्हातारी दगडाला मिठी मारून रडू लागली.

"नाल्यावरून पाणी आणून आणून माही पाठ गेली. याले माही कीव आली. माह्या पोराले नाई आली!"

ते ऐकून रावच हुंदके देऊ लागले. पोचूने विचारलं, "तुमचा कोण होता तो?"

"मीच तो!"

भूत समजून गावातले दोघं जंगलात पळाले. ढोलवाला ढोलामागे लपला. सोमारी मात्र डोळे पुसत तरातरा आली.

"जिता हायेस? मंग मी काऊन रडली?"

रावांनी हात जोडले. "बाई, मी खरंच मेलो तरी माह्या घरी असं कोणी रडणार नाई."

सोमारीचा राग उतरला.

"मराच्या आधी सांगावा धाड," ती म्हणाली. "मी येईन रडाले."

त्या दिवशी राव तीनदा भात मागून जेवले.