विरोधकाचं पान

आमच्या मासिकाला लोक ‘मागचं चाक’ म्हणतात. नाव विरोधकांनी ठेवलं, हिणवायला. माझ्या सासऱ्यांना ते इतकं आवडलं की ते भाषणातही वापरायचे. “मागचं चाक काढून टाका, मग बघू गाडी किती पुढे जाते!” मासिक त्यांनी सुरू केलं, त्यांच्यामागे ते मी चालवते. जे चालत आलंय ते मोडण्याआधी जरा थांबा, एवढंच आमचं म्हणणं. त्यासाठी आम्ही भरपूर शिव्या खाल्ल्या. साहित्यसभेत आम्हाला शेवटची रांग. वाचणारेसुद्धा आमचा अंक दुसऱ्या मासिकात घालून वाचायचे.

मग निवडणूक झाली आणि आमच्या विचाराचं म्हणवणारं सरकार आलं. काल ओळख न दाखवणारे आज जिना चढून सांगू लागले, “आम्ही पहिल्यापासूनचे वाचक बरं का!” मला त्यांचा मनापासून राग येतो. शिव्या देणारे परवडले, ते निदान वाचून तरी द्यायचे.

आमचा एक रिवाज आहे. तिसरं पान विरोधकाचं. आमचं कुठे कुठे चुकतं ते त्याने लिहायचं आणि आम्ही एक शब्दही न कापता छापायचं. मजकूर बंद पाकिटात येतो, तो फक्त मुद्रितशोधक पाहतो. अंक छापून येईपर्यंत घरातलं कुणीही, संपादकसुद्धा, त्याला हात लावत नाही. सासरे म्हणायचे, “वाचलं की हात शिवशिवतात.” आणि ज्या महिन्यात विरोधक मिळणार नाही, त्या महिन्यात अंक काढायचा नाही.

हे पान वर्षानुवर्षं एक निवृत्त प्राध्यापक लिहीत आले. आमचा शब्द न् शब्द त्यांना अमान्य. ऑफिसात सगळे त्यांना प्रेमाने ‘आपला शत्रू’ म्हणतात.

त्या दिवशी माझे धाकटे दीर ऑफिसात आले ते खुर्ची ओढायच्या आधीच बोलू लागले. ते आता मंत्र्यांचे सल्लागार, शिवाय आमच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख.

“वहिनी, विशेषांकाचं प्रकाशन मंत्रीसाहेबांच्या हस्ते. सभागृह ठरलं. फक्त या वेळी तिसरं पान नको.”

“का हो भाऊजी?”

“शुभकार्यात अपशकुन कशाला? आता आपलं राज्य आहे.”

“राज्य त्यांचं आहे. आपलं मासिक आहे.”

“तुमचं हे असं असतं. उद्या मंडळाने दुसरा संपादक शोधला तर मला बोल लावू नका.”

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो दंतवैद्य. भावाचं आणि बायकोचं भांडण लागलं की तो म्हणतो, “मी दोघांची तोंडं फक्त आतून बघतो.” पण त्या दिवशी तेवढ्यावर थांबला नाही. “बाबा असते तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं,” म्हणाला. मला बरं वाटलं.

खरा धक्का दिला तो शत्रूने. पान मागायला मी प्राध्यापकांच्या घरी गेले, तर त्यांनी हात जोडले.

“बाई, आता नाही. तुम्ही गादीवर बसलात. मी लिहिलं की तुम्ही मिरवणार, बघा आम्ही किती मोठ्या मनाचे! मला तुमच्या दिवाणखान्यातली फुलदाणी व्हायचं नाही.”

“मग अंक निघणार नाही.”

“नका काढू,” ते म्हणाले आणि चहा ओतू लागले. चहा मात्र चांगला होता.

दिरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. “बघा, विरोधकच पळाला! त्या पानावर मंत्रीसाहेबांचा फोटो टाकू.”

“विरोधक मिळालाय,” मी म्हणाले. टेबलावरच्या बंद पाकिटाकडे बोट दाखवून मी मुद्रितशोधकांना हाक मारली. त्यांनी ते कपाटाकडे न्यायच्या आधी दिरांसमोर ठेवून पोचपावती लिहिली, नेहमीसारखी.

“कोण?” दिरांनी हात पुढे केला. बोटं पाकिटाला लागली आणि चटका बसावा तशी मागे आली. वडिलांनी लहानपणी याच टेबलावर अशाच पाकिटापायी त्यांच्या हातावर फटका मारला होता. रिवाज मोडायला निघालेल्या माणसाची तो पाळायची सवय काही सुटली नव्हती. ते पाकिटाकडे बघत बसले आणि न उघडता निघून गेले.

सभागृह भरलं होतं. आता पहिल्या रांगा आमच्या. शेवटच्या रांगेत प्राध्यापक बसलेले दिसले. मंत्र्यांनी अंकावरची रिबीन सोडली आणि हसत म्हणाले, “या मासिकाचं तिसरं पान फार गाजलेलं. बघू या, विरोधक काय रडतायत!” टाळ्या पडल्या. ते नाटकी आवाजात वाचू लागले.

“‘या सरकारने शंभर वर्षं जुनी ग्रंथालय मंडळं एका रात्रीत बरखास्त केली. मागचं चाक म्हणवणाऱ्या मासिकाने त्यावर अग्रलेख छापला, धाडसी पाऊल! धाडसी पाऊल हे शब्द या मासिकाने आजवर शिवीसारखे वापरले. आता त्याला जपणं नको, टाळ्या वाजवणं हवं. टाळ्या वाजवायला मासिक कशाला लागतं? दोन हात पुरतात.’”

हसू केव्हाच थांबलं होतं. तो अग्रलेख दिरांचा होता, आणि मी तो छापला होता. मंत्र्यांचा आवाज साधा झाला. लेखकाचं नाव आमच्याकडे शेवटी असतं. त्यांनी तेही वाचलं. नाव माझं होतं.

मी मान खाली घातली नाही.

बाहेर पडताना प्राध्यापक भेटले. “वाईट लिहिलंय,” ते म्हणाले. “मी इतका कठोर झालो नसतो.”

“मग तुम्हीच लिहायचं होतं,” मी म्हणाले.

दिरांनी मला रंगमंचामागच्या खोलीत गाठलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“घराची अब्रू घालवलीत वहिनी! उद्या सकाळी मंडळाची बैठक. संपादकपदावरून तुम्हाला काढलं म्हणून समजा.”

“काढा.”

“काढणारच! मग काय कराल?”

“मी काय करणार भाऊजी? मी मासिकाच्या बाहेर, मासिकाच्या विरोधात. म्हणजे तिसरं पान माझं.” मी पदर सावरला आणि पर्स उचलली. “दर महिन्याला पाकीट येईल. उघडू मात्र नका, मामंजी रागावतील.”