दोष समजला, तरी घेते

वजनकाटे तपासणाऱ्या माणसाचा धर्म एकच: तपासा, शिक्का मारा, पुढे चला. काटेमास्तर या धर्माचा कट्टर. दुकानदार त्याला वचकून असत. घरी मात्र सात वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून हा गडी भिंतीकडे बघत जेवायचा.

आणि तो प्रेमात पडला तो एका चिठ्ठीमुळे. बहिणीचं शिलाईयंत्र घेऊन तो दुरुस्तीवालीच्या दुकानात गेला होता. बाईंनी यंत्र नीट केलं आणि त्याच्या चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. 'जाड कापडावर टाका सुटतो. याहून बरं होणार नाही.' खाली छापलेलं, 'दोष समजला, तरी घेतो', आणि सहीला जागा. सही केल्याशिवाय यंत्र जागचं हलायचं नाही.

"आणि गिऱ्हाईक पळालं तर?" त्याने विचारलं.

"पळू दे की. घरी नेऊन शिव्या घालण्यापेक्षा इथूनच पळालेलं बरं."

मास्तरची विकेट तिथेच गेली.

सहा महिने चहा झाला, फिरणं झालं. मग एका रविवारी दुपारी तिच्या घरी दोघेच होते. त्याने तिचा हात धरला आणि तिने तो हळूच सोडवून घेतला.

"थांबा. आधी एक सांगायचंय. माझ्या गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही निघालाय. कॅन्सर नाही, पण ज्याच्यामुळे पुढे होऊ शकतो अशातला विषाणू आहे. वर्षाने पुन्हा तपासायचंय. जवळ आलो तर तुम्हालाही लागू शकतो." आवाज सरळ होता, पण बोटं रिकाम्या रिळाशी चाळा करत होती. "माझी ताई म्हणाली, आत्ताच कशाला बोलतेस, चांगला माणूस हातचा जाईल."

यावर या शहाण्याने काय विचारावं?

"कोणाकडून आला?"

तिचा घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली होती. ती उठली आणि तिने त्याची छत्री त्याच्या हातात दिली. "नऊ वर्षांत कोणी नाही. पण ते पटवायला मी शपथा घेणार नाही. विचार करून या. नाही आलात तरी चालेल." चालणार नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी मास्तर डॉक्टरीणबाईंसमोर बसला आणि रविवारचं सगळं सांगून म्हणाला, "मला तपासा आणि दाखला द्या. माझ्यात काही नाही, हे एकदा कागदावर आलं म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही हो. दाखला कुठून देऊ?"

"पण सात वर्षं मी एकटा आहे!"

"असाल. हा विषाणू काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. ज्यांचा कधी शरीरसंबंध आलाय त्यांच्यातल्या बहुतेकांना तो केव्हा ना केव्हा होतो, आणि बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. कधी आला, कोणाकडून आला, हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्यातही असू शकतो."

"मग करायचं काय?"

"कंडोम वापरा. धोका कमी होतो, पुरता जात नाही. लशीचा तुमच्या वयात फायदा थोडा, तरी त्याबद्दल बोलू. त्यांनी तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि तुम्हाला खाली कुठे चामखीळ, गाठ, जखम दिसली तर लाजत बसू नका, या."

मास्तर बाहेर येऊन पायरीवरच बसला. तिची तपासणी होते म्हणून दोष तिच्या माथी, आणि याची होत नाही म्हणून हा धुतल्या तांदळासारखा! जन्मभर त्याने लोकांची लपवलेली मापं पकडली होती. लपवायची पुरती सोय असताना, सख्खी ताई कानीकपाळी ओरडत असताना, आपलं माप आपण होऊन समोर ठेवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. आणि त्याने त्या माणसाची उलटतपासणी घेतली होती! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिचा अभिमान वाटला.

संध्याकाळी तो दुकानात शिरला, तेव्हा ती एका यंत्राला तेल देत होती. तिने वर पाहिलं. मास्तरच्या शर्टाच्या बटणाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. या वेशात तो अख्खा बाजार चालून आला होता.

ती जवळ आली आणि वाचू लागली. 'तपासणी होत नाही. दोष आहे की नाही, खात्री देता येत नाही. रविवारी मूर्खासारखा प्रश्न विचारला, तो दोष मात्र नक्की आहे.' तिने चिठ्ठी उलटली. मागे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं ओळीने लिहिलं होतं, कंडोमपासून तिच्या पुढच्या तपासणीपर्यंत. 'त्या दिवशी मी रजा घेईन,' असंही होतं. पुन्हा पुढच्या बाजूला, अगदी खाली, 'दोष समजला, तरी घेते.'

तिने हात फडक्याला पुसले. डोळे पुसायचे राहूनच गेले.

"याहून बरं होणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाला.

तिने कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठी त्याच्या छातीवर धरली आणि सही केली.